उशिरा पडणारी पावले

जुन्नर तालुक्यातील आळे या गावी एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तोच हा रेडा, अशी तिकडची श्रद्धा आहे. मुक्या जनावराला वाचा फुटल्याची कथा ज्या मुलखात घरोघरी ठाऊक आहे, तेथे दोन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून कोणी सहसा धास्तावत नाही. ‘बोलेल गं, याचा बापही उशिराच बोलला होता,’ असे सासू सुनेला सांगते आणि विषय तेथेच संपतो. सहा महिन्यांचे बाळ मान धरीत नसेल तर ते ‘अंगाने जड’ असते. वर्षाचे झाले तरी बसत नसेल तर त्याला ‘कडेवरची सवय’ लागलेली असते. चालायला लागत नसेल तर घाई कसली, चालेल की!

ही वाक्ये मायेपोटी बोलली जातात, आणि त्यांची खरी अडचण अशी की ती पुष्कळदा खरी ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बाळांची पाहणी करून २००६ साली काही मर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणे हे कोणी चौथ्या महिन्याच्या सुमारास साधते, कोणी नऊ महिने उलटल्यावर. स्वतंत्र चालणे आठव्या महिन्यापासून जवळजवळ अठराव्या महिन्यापर्यंत केव्हाही सुरू होऊ शकते. काही बाळे तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. तेव्हा आजीबाईंच्या दहा भाकितांपैकी बरीच खरी होणार यात नवल नाही. उरलेल्या बाळांचे काय होते, आणि ती बाळे वेळेवर ओळखावी कशी, हे शिकायला जगाला पुष्कळ काळ लागला. त्या शिकण्यात मराठी मुलखाचा आणि मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्या बायका अडाणी होत्या असे मात्र म्हणवत नाही. बाळाला न्हाऊ घालणारी सुईण पाय पसरून, त्यांवर त्याला पालथे घालून रोज तेल जिरवीत असे. बाळाचे अंग ताठ आहे की लुळे, एक हात दुसऱ्यापेक्षा कमी हलतो की काय, हे डॉक्टरच्या आधी तिच्या तळहाताला कळे. ती ते बोलूनही दाखवी. पण त्या जाणिवेला पुढे जायला वाट नव्हती. पाचव्या दिवशी पूजलेल्या सटवाईने कपाळी लिहिले ते पुसणार कोण? आपल्या ख्रिस्ती घरांत सटवाईची पूजा राहिली नाही, तिच्या जागी ‘देवाची इच्छा’ हे शब्द आले. पण हात जोडून वाट पाहणे तेच राहिले. अशा मुलाला ‘अर्धवट’, ‘खुळा’ ही नावे पडत, पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत नेले जाई, आणि मिस्साला आले तर ते कुटुंब शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसे. ही गोष्ट फार जुनी आहे असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रात या मुलांसाठी पहिली धडपड झाली ती शाळांच्या रूपाने, आणि बहुतेक ठिकाणी तिच्या मुळाशी एक आई किंवा एक दांपत्य आढळते. मुंबईत १९४४ साली वकील या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी वर्ग सुरू केला. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. पुण्यात १९६४ मध्ये सिंधूताई जोगळेकर यांनी ‘कामायनी’ काढली. नाशिकमध्ये १९७७ साली रजनीताई लिमये यांनी ‘प्रबोधिनी विद्यामंदिर’ उभे केले, तेही घरातील मुलाच्या निमित्ताने. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे: मूल शाळेत येते ते चार-पाच वर्षांचे होऊन. तोवरची वर्षे, म्हणजे मेंदू सर्वांत वेगाने घडत असतो तोच काळ, वाट पाहण्यात गेलेला असे.

उपचाराची बाजू दुसरीकडून आली. एलिझाबेथ लुंडी नावाची एक अमेरिकन क्वेकर तरुणी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह करून मराठी घरात आली आणि कमला निंबकर झाली. वयाच्या चाळिशीनंतर या बाई पुन्हा अमेरिकेत गेल्या, व्यवसायोपचार, म्हणजे ज्याला आपण ऑक्युपेशनल थेरपी म्हणतो, ते शास्त्र शिकल्या आणि परत येऊन १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्याचे शिक्षण देणारी शाळा त्यांनी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली. पुढे १९५८ साली नागपुरातही तशीच शाळा निघाली. फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा आहे. त्या नावामागची ही बाई किती जणांना माहीत असेल कोण जाणे. हाताने घास उचलणे, गुंडी लावणे, पेला धरणे या रोजच्या कृती हाच उपचार, ही कल्पना त्या काळी डॉक्टरांनाही नवलाची वाटे.

त्याच सुमारास लंडनमध्ये बर्टा आणि कारेल बोबाथ हे, हिटलरच्या छळापासून निसटून आलेले पतिपत्नी, सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांवर काम करीत होते. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्याने हातापायांच्या हालचालींवर ताबा न राहणे, असा या विकाराचा थोडक्यात अर्थ. १८६१ मध्ये विल्यम लिटल या इंग्रज शल्यवैद्याने अवघड बाळंतपणाशी त्याचा संबंध जोडून दाखवला होता. परंतु मूल मोठे होऊन अवयव आखडले की शस्त्रक्रिया करावी, पट्टे बांधावेत, इतकेच वैद्यकाला सुचत होते. बर्टाबाईंनी १९६७ साली एक निबंध लिहून सांगितले की आखडण्याची वाट पाहू नका, बाळ तान्हे असतानाच हात घाला. चुकीची हालचाल अंगवळणी पडण्यापूर्वी बरोबर हालचालीचा अनुभव द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पद्धतीतील काही भाग आजच्या कसोटीला उतरलेला नाही, त्याविषयी पुढे येईल. पण ‘तान्हेपणीच’ हा त्यांचा शब्द मात्र टिकला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ मध्ये, मिठू अलूर यांना मुलगी झाली. मालिनीला सेरेब्रल पाल्सी होती, आणि येथील तज्ज्ञांकडून आईला निराशेपलीकडे काही मिळाले नाही. ती मुलीला घेऊन इंग्लंडला गेली. तेथे मुलीला उपचार मिळाले, शिक्षण मिळाले, आणि आईला दिसले की जे परदेशात घडते ते येथे घडायला अडचण फक्त माणसांची आणि समजुतीची आहे. १९७२ साली मुंबईत कुलाब्याला ‘स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन झाली. मालिनी छिब यांनी पुढे लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि २०१० साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ते त्यांनी एका बोटाने टंकलेखन करून लिहिले. सर्वांनाच इंग्लंड गाठता येत नाही हे उघड आहे. म्हणून या कथेपेक्षा मला तिच्यानंतरची, कमी नाट्यमय असलेली गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ती एका मापाची गोष्ट आहे.

वाट पाहायची की धावपळ करायची, हे ठरवायला माप लागते. कापड मोजायला गज, धान्य मोजायला पायली. तशी बाळाची वाढ मोजायला काय? वजनाचा काटा होता, पण बाळ पाहते कसे, ऐकते कसे, वस्तू शोधते का, हे काट्यावर दिसत नाही. अमेरिकेत नॅन्सी बेली यांनी अशी माप-श्रेणी तयार केली होती, ती अमेरिकन बाळांवरून. आपली बाळे मांडीवर, झोळीत, कडेवर, दहा माणसांच्या गलबल्यात वाढतात. त्यांना ते माप जसेच्या तसे लावणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगरख्यात आपले पोर कोंबणे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी हे काम अंगावर घेतले. एक महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतच्या बाळांची त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली आणि भारतीय बाळ कोणत्या वयात काय करते याची परिमाणे १९७० साली मांडली. १९९७ मध्ये त्यांची सुधारलेली आवृत्ती पुण्यात छापली गेली. तीत हालचालींच्या ६७ आणि बुद्धिविकासाच्या १६३ बाबी आहेत. घंटा, लाल कडे, ठोकळे अशी साधी खेळणी घेऊन तपासनीस बाळासमोर बसतो आणि कडे डोळ्यांसमोरून फिरवल्यावर नजर त्यामागे जाते का, पडलेली वस्तू बाळ शोधते का, एका हातातला ठोकळा दुसऱ्या हातात घेते का, हे पाहतो. आईच्या मांडीवरच ही परीक्षा होते. त्यावरून बाळाचे ‘विकासाचे वय’ काढतात आणि खऱ्या वयाशी त्याचे प्रमाण शेकड्यात मांडतात. ते सत्तरच्या खाली गेले तर वाढ मागे पडली असे समजतात.

एवढी लांब परीक्षा खेड्यातील कार्यकर्तीला घेता येणार नाही हे ओळखून त्रिवेंद्रमच्या बालविकास केंद्राने या बडोद्याच्या परिमाणांच्या आधारे १७ बाबी निवडल्या आणि १९९१ साली एक तक्ता काढला. बाळाच्या वयाच्या खुणेवर पेन्सिल उभी धरायची. तिच्या डावीकडे संपणाऱ्या सर्व गोष्टी बाळाला यायला हव्यात. एखादी येत नसेल तर पुढे पाठवायचे. पाच-सात मिनिटांचे काम, आणि त्यासाठी पदवी लागत नाही. अंगणवाडीच्या ताईच्या हाती देता येईल असे हत्यार प्रथमच तयार झाले.

पुण्यात नेमक्या याच वर्षांत एक वेगळाच प्रश्न उभा राहिला होता. नवजात शिशूंसाठी अतिदक्षता विभाग निघाले तशी पूर्वी दगावणारी, अपुऱ्या दिवसांची, मूठभर वजनाची बाळे जगू लागली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, आणि नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट दाखवली. ते संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ जगले याचा आनंद थोर. परंतु घरी गेलेल्या बाळाचे पुढे काय होते? पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने (रास्ता पेठेतील, मुंबईचे वेगळे) डॉ. आनंद पंडित आणि डॉ. सुधा चौधरी यांच्या पुढाकाराने १९८७ पासून हा प्रश्न धसास लावला. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेली, दोन किलोंपेक्षा कमी वजनाची बाळे त्यांनी ठरावीक मुदतीने बोलावून तपासली, आणि हा पाठपुरावा ती मुले अठरा वर्षांची होईपर्यंत चालू ठेवला. आपल्या देशात, जेथे पत्ते बदलतात, माणसे गावी परततात, तेथे अठरा वर्षे एका मुलाचा धागा न सोडणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

त्यातून काय दिसले? यांतील बहुसंख्य मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत राहिली. पण सोबत्यांच्या तुलनेत ती थोडी मागे होती, गणितात अडखळत होती, डोळ्यांनी पाहिलेली आकृती हाताने उतरवताना चुकत होती. अपुऱ्या दिवसांची आणि शिवाय गर्भातच कुपोषित राहिलेली मुले सर्वांत मागे पडली. म्हणजे दिसायला धडधाकट असलेल्या मुलाचीही अडचण दुसरी-तिसरीत पुढे येऊ शकते. शिक्षकाकडून ‘लक्ष देत नाही’ म्हणून मार खाणाऱ्या पोरांत अशी कितीतरी असतील.

याच रुग्णालयाचा एक धागा आपल्या प्रदेशाच्या शेजारून जातो. डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातील वढू येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला आणि गावातल्याच बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिरूरची शीव आंबेगावला लागून आहे. डॉक्टर गावात टिकत नाही, तेव्हा गावात टिकणाऱ्या बाईलाच शिकवावे, हे बानूबाईंचे सूत्र पुढे सरकारनेही स्वीकारले.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मतःचे दोष, आजार, पोषणाची कमतरता यांच्या जोडीला वाढीतील विलंब हा चौथा विषय प्रथमच देशव्यापी तपासणीत आला. फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. संशयित बाळाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, जेथे बालरोगतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, वाचा व श्रवण तपासणारे, मानसशास्त्रज्ञ एका छपराखाली असावेत अशी योजना आहे. पुणे जिल्ह्याचे हे केंद्र औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. कायदाही मागोमाग बदलला: १९९५ च्या अपंगविषयक कायद्याच्या जागी २०१६ चा आला आणि मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ झाली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ विमा योजनेत एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चात नियमित थेरपीचाही समावेश आहे. हे सांगून ठेवतो, कारण पात्र कुटुंबांनाही ही योजना बहुधा ठाऊक नसते.

आता आंबेगावच्या पश्चिमेकडे वळू. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. कचेऱ्या घोडेगावला आहेत. त्याच्याही वर, भीमाशंकरच्या अंगाने, महादेव कोळी वाड्या डोंगरात विखुरल्या आहेत. पावसाळ्यात भाताची लावणी, पुढे हिरडा गोळा करायचा, आणि मध्ये नारायणगावाकडच्या बागायतीत मजुरी. अशा घरातील आईला औंध सांगितले तर तिने वाडीवरून घोडेगाव, घोडेगावहून मंचर, मंचरहून पुणे असे करीत जायचे, बाळ कडेवर घेऊन, आणि संध्याकाळची एस.टी. गाठून परतायचे. जुन्नर गावापासूनही पुणे नव्वदेक किलोमीटर पडते. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, तिकीट वेगळे, आणि घरातली थोरली पोरे शेजारणीच्या भरवशावर. उपचार तर आठवड्याला हवा. एका वेळेला ती जाईल, दुसऱ्यांदा जाईल; तिसऱ्या खेपेला सासू म्हणेल, ‘चालेल की गं,’ आणि त्या वाक्यात थकव्याची सुटका असेल. जी आई खेपा सोडते तिला निष्काळजी म्हणणाऱ्याने आधी तो प्रवास मुलाला घेऊन करून पाहावा.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत शास्त्राने घेतलेले वळण डोंगराला विशेष उपयोगाचे आहे. पूर्वी सेरेब्रल पाल्सीचे निदान एक-दोन वर्षांचे झाल्यावर करीत. २०१७ साली आयोना नोव्हाक या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने व सहकाऱ्यांनी दाखवले की सहा महिन्यांच्या आतही ते बरेच खात्रीने करता येते. आणि उपचाराबाबत असे दिसून आले की थेरपिस्टने बाळाचे हातपाय हलवून देण्याने फारसे साधत नाही. बाळाने स्वतः धडपडून, आवडीच्या वस्तूसाठी, पुन्हा पुन्हा केलेली हालचाल मेंदू लक्षात ठेवतो. बोबाथ पद्धतीतील जो भाग मागे पडला तो हा. तज्ज्ञाने महिन्यातून एकदा पाहावे, आईला शिकवावे, आणि रोजचे काम घरात व्हावे, असे याचे सरळ रूप होते. जादू मात्र नव्हे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील अभ्यास एकत्र केले असता लवकर सुरू केलेल्या उपक्रमांनी शाळापूर्व वयापर्यंतच्या बुद्धिविकासाला हातभार लागल्याचे दिसते; हालचालींवरील परिणाम त्याहून थोडा. डाऊन सिंड्रोम असलेले बाळ उपचाराने वेगळे बाळ होत नाही. पण ते हाताने जेवेल की भरवावे लागेल, खूण करून पाणी मागेल की रडत राहील, यात फरक पडतो, आणि ज्या घरात असे मूल आहे तेथे हा फरक लहान नसतो.

लक्षणे घरात ओळखता येतात. चार-पाच महिन्यांत मान न धरणे, तीन महिन्यांत आईकडे पाहून न हसणे, मुठी सदैव आवळलेल्या राहणे, दहाव्या महिन्यातही आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षांत न चालणे किंवा एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणे. आलेली गोष्ट बाळ विसरू लागले तर एक दिवसही थांबू नये. आणखी एक खूण फसवी आहे. वर्षाच्या आतले बाळ सारखा एकच हात वापरीत असेल तर घरात कौतुकाने ‘डावखुरा होणार’ म्हणतात. इतक्या लहानपणी हाताची निवड होत नसते, दुसरा हात दुबळा असण्याची शक्यता पाहावी लागते. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर पहिली दोन वर्षे वय मोजताना ते दोन महिने वजा करावेत, नाहीतर उगाच घाबरायला होते. गरोदरपणात मिळालेल्या माता व बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळाने काय करावे याची चित्रे आहेत. लसीची तारीख पाहण्यापुरते ते कार्ड उघडले जाते आणि पुन्हा पत्र्याच्या पेटीत जाते.

उपचाराला लागणारे सामानही बहुतेक घरातच असते. जुनी गोधडी घट्ट गुंडाळून तिची वळकटी करायची, बाळाला छातीखाली ती देऊन पालथे ठेवायचे आणि हात पोहोचेल-न पोहोचेल इतक्या अंतरावर चकचकीत पितळी वाटी वाजवायची. मान उचलून ते वाटीकडे पाहते. पहिल्या दिवशी क्षणभर, मग डोके खाली. भाकऱ्या थापताना, निवडणे-टिपणे चालू असताना, दिवसातून पाच-सहा वेळा, रडायला लागेपर्यंतच. एका बाजूचा हात कमी चालत असेल तर वाटी त्या बाजूला.